बेकर्स फोर्कच्या ट्रॅकवर फेऱ्या मोजणारी

माझी वहिनी व्हेल्डा सिग्मन हिनं आयुष्यात एकदाही शर्यतीची गाडी चालवली नाही. साधी गाडीसुद्धा ती पस्तिशीनंतर शिकली आणि पहिल्याच आठवड्यात पाद्रीबाबांच्या गुलाबांवर घातली. तरी बेकर्स फोर्कच्या ट्रॅकवर तीस वर्षं शेवटचा शब्द तिचा होता. तगडे, मनगटापर्यंत ग्रीस माखलेले पुरुष तिच्यापुढे टोपी हातात घेऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "व्हेल्डाबाई, माझ्या किती झाल्या?" ती आकडा सांगायची. तेवढ्यावर विषय मिटायचा.

पण हे तिला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं.

ट्रॅक काढला तो ओडेल ऱ्हाइननं, अठ्ठेचाळीस साली. त्याच्या दुभत्या गाई जिथं चरायच्या तो दोन टेकड्यांमधला खोलगट माळ त्यानं चुलतभावाच्या मशीननं खरवडून काढला. अर्ध्या मैलाची लांबट गोल वाट, दोन्ही टोकांना वळणं परातीच्या काठासारखी बाहेरून उचललेली, खाली आमची नॉर्थ कॅरोलायनाची तांबडी माती. प्रेक्षकांना बसायला टेकडीचा उतार होताच. आपापलं पांघरूण आणायचं, तळलेल्या कोंबडीचा डबा आणायचा आणि दोन-तीन तास घसा फोडायचा.

शर्यतीच्या गाड्या म्हणजे दारातल्याच गाड्या. रविवारी दरवाजे पट्ट्यांनी बांधायचे, बूटपॉलिशनं अंगावर नंबर लिहायचा आणि धावायचं. सोमवारी त्याच गाडीतून कामावर. पहिल्या वर्षी धावणाऱ्यांतले निम्मे तरी आठवडाभर डोंगरातून घरची दारू वाहून न्यायचे, पोलिसांना हुलकावण्या देत. वळणावर गाडी कशी आडवी सोडायची हे त्यांना शिकवावं लागलं नाही. माझा भाऊ गारलंड त्यातला नव्हता. तो फर्निचरच्या कारखान्यात करवतीवर होता. पण वेडा तेवढाच. एक्केचाळीस नंबर त्याचा.

पाद्रीबाबांनी पहिल्या उन्हाळ्यात ट्रॅकविरुद्ध सलग चार रविवार प्रवचनं दिली. ओडेलनं भांडण केलं नाही. शर्यतीची वेळ एकवरून अडीचवर नेली, म्हणजे प्रार्थना होऊन जेवणं उरकायला वेळ मिळावा. पाचव्या रविवारी चर्चमधली अर्धी गाणारी मंडळी उतारावर बसलेली होती. मातीचा धुरळा असा उडायचा की केस कुरळे करून आलेली बाई विटेच्या रंगाची होऊन घरी जायची. पंचावन्न साली ओडेलनं डांबर घातलं आणि मग लांबलांबची माणसं यायला लागली. व्हर्जिनियातून, जॉर्जियातून. सप्टेंबरातली दोनशे फेऱ्यांची शर्यत तर रेडिओवर सांगायला लागले.

फेऱ्या मोजायच्या बायकांनी. हा नियम कुणी केला माहीत नाही. पुरुषांना मोजायला बसवलं की ते शर्यतच बघत बसायचे, म्हणून झाला असावा. सुरुवातीच्या रेषेसमोर लाकडी माचा होता. त्यावर फळीच्या बाकांवर आम्ही वीस-पंचवीस जणी बसायचो, प्रत्येकीची एक गाडी. बहुतेक करून आपल्याच नवऱ्याची किंवा भावाची. समोर मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळ बघून कार्डावरच्या पुढच्या चौकोनात वेळ लिहायची. दोनशे चौकोन भरले की दोनशे फेऱ्या. काम सोपं वाटतं. वीस गाड्या गोंगाट करत घोळक्यानं अंगावर येतात तेव्हा करून बघा.

व्हेल्डाला ते जमायचं. ती आणि मी मोज्यांच्या गिरणीत कामाला होतो. मी शिवणीवर, ती जोड्या लावायच्या टेबलावर. ढिगातून दोन मोजे उचलायचे आणि लांबी, वीण, रंग एका नजरेत पारखून जोडी करायची. दिवसाला हजारो. तिच्या टेबलावरून गेलेली जोडी परत आल्याचं मला आठवत नाही. नजर तशी, आणि स्वभावही तसाच. जुळलं तर जुळलं, नाही तर नाही.

आता अठ्ठावन्न सालची सप्टेंबरची शर्यत.

उतारावर अकरा हजार माणूस होतं. गारलंडची गाडी त्या दिवशी कधी नव्हती एवढी पळत होती. त्याच्यापुढे एकच, आठ नंबरची, थर्मन याउंटची. थर्मन आमच्याच बाजूचा, कोंबड्या पाळणारा, शांत माणूस. मी सतरा नंबर मोजत होते, व्हेल्डा माझ्या उजव्या हाताला एक्केचाळीस मोजत होती.

एकशे तिसाव्या फेरीच्या सुमारास तिसऱ्या वळणावर चार गाड्या एकमेकींत घुसल्या. धूर, टायरचा वास, माणसं उठून उभी. पिवळा झेंडा निघाला. पिवळ्या झेंड्याखाली सगळे हळू फिरतात, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. ती संधी साधून गारलंड टायर बदलायला ट्रॅकच्या कडेच्या पिटमध्ये शिरला. आणि एक नट अडकला. त्याचा मेकॅनिक ड्यूई हातोडीनं नट ठोकत असताना बाकीच्या सगळ्या गाड्या रेषेवरून एकदा निघून गेल्या. म्हणजे गारलंडची एक फेरी गेली.

पण आमच्या वर, माच्याच्या टोकाला, मुख्य मोजणीदार क्लेग साहेब बसायचे. सगळ्यांच्या फेऱ्या फळ्यावर लावायचं काम त्यांचं. ते दुर्बीण लावून तिसऱ्या वळणावरचा अपघात बघत होते. सगळ्या गाड्या गेल्या, त्यांनी सगळ्यांना एक-एक फेरी चढवली. एक्केचाळीसलाही.

व्हेल्डा वळून म्हणाली, "क्लेग साहेब, एक्केचाळीस पिटमध्ये उभी होती. ती गेलीच नाही."

"व्हेल्डा, तू तुझं कार्ड बघ. फळा मी बघतो."

तिनं पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर शर्यत पुन्हा सुरू करणारा हिरवा झेंडा पडला आणि आवाजात सगळं बुडालं. ती खाली वाकून लिहीत राहिली. मला काही कळलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की तिनं पायातले बूट काढून बाकाखाली सरकवले. ते ती फक्त जीव घाबरा झाला की करायची.

शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या असताना गारलंडनं चौथ्या वळणावरून बाहेर पडताना थर्मनला गाठलं आणि आतून ओलांडलं. टेकडी उठली. लोकांना वाटलं, एक्केचाळीस पहिली झाली. फळाही तेच सांगत होता. खरं म्हणजे तो आपली गेलेली एक फेरी भरून काढत होता. पुढे दिसला तरी मोजणीत थर्मनच्या जवळजवळ एक अख्खी फेरी मागे. त्यानं शर्यत संपल्याचा चौकडीचा झेंडा घेतला तेव्हा त्याच्या एकशे नव्व्याण्णव झाल्या होत्या. पाठोपाठ दोन गाड्यांच्या अंतरावर थर्मन रेषेवरून गेला, त्याच्या दोनशे.

हे सगळ्या माच्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं. थर्मनच्या बायकोच्या कार्डावर दोनशे होत्या, पण फळ्यावर गारलंडच्याही दोनशेच, आणि तो तर पुढे होता. तेव्हा सगळं एक्केचाळीसच्या कार्डावर होतं. व्हेल्डाच्या हातातल्या. एक चौकोन जास्तीचा भरला असता तर देवालाही पत्ता लागला नसता. माझा भाऊ खाली गाडीच्या टपावर उभा राहून हात हलवत होता. दहा वर्षं झाली होती त्याला धावताना, आणि एवढी मोठी शर्यत त्यानं कधी जिंकली नव्हती.

मी उड्या मारत होते. तिला मिठी मारायला गेले. ती म्हणाली, "आर्डिथ, थांब. माझे बूट कुठे आहेत?"

बूट घालून ती जिना उतरली. मी मागोमाग. खाली ओडेल ऱ्हाइन बक्षिसाचा पेला घेऊन उभा होता, पेपरवाले कॅमेरे लावत होते.

"ये, ये व्हेल्डा!" ओडेल ओरडला. "नवऱ्याशेजारी उभी राहा, फोटोत पाहिजेस तू!"

"ओडेल, फोटो थांबव. एक्केचाळीसच्या एकशे नव्व्याण्णव झाल्यात." तिनं कार्ड पुढं केलं.

ओडेल हसला. मग त्याचं हसू गेलं. क्लेग साहेब वरून धापा टाकत आले. "हिनं एक फेरी चुकवली आहे, ओडेल. अपघात झाला की बायकांची नजर तिकडे जाते. दरवेळचं आहे."

"माझी नजर अपघाताकडे नव्हती," व्हेल्डा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण पहिल्या दहा रांगांना ऐकू गेला. "माझा नवरा पिटमध्ये उभा होता. मी त्याच्याकडे बघत होते. आणखी कुणाकडे बघणार? हा चौकोन बघा, एकशे बत्तिसावा. आधीच्या चौकोनापासून एकशे आठ सेकंद. त्या पिवळ्या झेंड्याखाली बाकी सगळ्यांची फेरी पन्नास-बावन्न सेकंदांची आहे. कुणाचंही कार्ड मागवा."

माझं कार्ड माझ्या हातातच होतं. ओडेलनं ते ओढून घेतलं आणि बघितलं. पन्नास. बावन्न. एक्कावन्न. मग त्यानं ड्यूईला हाक मारली.

"ड्यूई, तू नट ठोकत होतास तेव्हा किती गाड्या गेल्या?"

ड्यूईनं आधी गारलंडकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "सगळ्या," तो म्हणाला.

गारलंड टपावरून खाली उतरला. त्याचा चेहरा धुरानं काळा होता, डोळ्यांभोवती तेवढी पांढरी वर्तुळं. "व्हेल्डा," तो म्हणाला, "तू माझी बायको आहेस का थर्मनची?"

"घरी तुझी. वर बसले की मी फेऱ्या मोजते."

"एक फेरी, व्हेल्डा. एक."

"हो, एक. तेवढीच कमी आहे."

ओडेलनं पेला थर्मनला दिला. टेकडीवरून बसायच्या गाद्या आल्या, कोंबडीची हाडं आली, एक शिवी अशी आली की मी इथं लिहीत नाही. थर्मननं पेला घेतला पण उंचावला नाही. तो व्हेल्डापाशी आला, टोपी काढली आणि नुसती मान हलवून निघून गेला. गारलंड गाडी घेऊन एकटाच घरी गेला. तिला मी सोडलं.

वाटेत पुलापाशी आल्यावर ती म्हणाली, "मला एकशे बत्तिसाव्यालाच कळलं होतं. पुढच्या साठ-सत्तर फेऱ्या मी देवाकडे एकच मागत होते. कुणीतरी याला मागं टाकू दे. तिसरा येऊ दे, चौथा येऊ दे. म्हणजे मला बोलावं लागणार नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि हा बावळट काय पळवत होता गं गाडी! आयुष्यात पळवली नव्हती अशी."

त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडली.

पुढचे तीन आठवडे त्या घरात निरोप्यांवर काम चालायचं. दोन मुली होत्या त्यांना. गारलंड म्हणायचा, "तुमच्या आईला सांगा, घेवड्यात मीठ कमी आहे." व्हेल्डा म्हणायची, "तुमच्या बापाला सांगा, मीठ त्याच्या कोपरापाशी आहे." गिरणीत बायका तिला बघून हलक्या आवाजात एकशे नव्व्याण्णवपर्यंत मोजायच्या आणि थांबायच्या. ती त्यांच्याकडे बघून म्हणायची, "बरोबर मोजलंत हो, शिकलात." आणि जोड्या लावत राहायची. मीही दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी भाऊ माझा होता. तिसऱ्या दिवशी मला माझीच लाज वाटली आणि मी तिच्याकडे केक घेऊन गेले. तिनं खाल्ला, आणि साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

ऑक्टोबरच्या शर्यतीला ती माच्यावर येऊन बसली. गारलंडनं ओडेलला सांगितलं होतं, माझी गाडी दुसरीला दे. ओडेलनं दिली. तेव्हा थर्मनची बायको उठली आणि आपलं कोरं कार्ड व्हेल्डापुढे ठेवून म्हणाली, "थर्मन म्हणतोय, आमची तू मोज." त्या दिवशी आणखी दोन गाड्यांचे मालक जिन्यापाशी येऊन तेच विचारून गेले. ज्या बाईनं नवऱ्याच्या तोंडचा पेला काढला ती आपली फेरी खाणार नाही आणि शेजाऱ्याला देणारही नाही, एवढा हिशेब त्यांना कळला होता.

गाडं फिरलं ते एकोणसाठच्या वसंतात. व्हर्जिनियाहून एक धिप्पाड गडी आला होता, लाल गाडी, सोबत चार मेकॅनिक. तो दुसरा आला आणि म्हणाला मी पहिला आहे. त्याची गाडी व्हेल्डानं मोजली होती. तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून ओरडत होता, "ही स्वयंपाकघरातली बाई मला फेऱ्या सांगणार? आणा तिला खाली! बघू कसलं कार्ड ते!"

गारलंड त्या दिवशी सातवा आला होता. पिटमध्ये बसून आमच्याकडच्या रीतीनं शेंगदाणे घातलेलं कोला पीत होता. तो उठला, बाटली ड्यूईच्या हातात दिली आणि चालत आला. मला वाटलं आता मारामारी. पण तो त्या गड्यासमोर उभा राहून शांतपणे म्हणाला, "ते कार्ड माझ्या बायकोनं लिहिलंय."

"मग?"

"मग तेवढ्याच झाल्या असतील. गेल्या सप्टेंबरात तिनं माझी एक कमी लिहिली. मी इथंच उभा होतो, तू आहेस तिथंच. तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो असतो, पण तोंडच उघडेना. कारण मला माहीत होतं."

तो गडी ओडेलकडे बघायला लागला. ओडेलनं खांदे उडवले. "ऐकलंस ना."

व्हेल्डा वरून सगळं ऐकत होती. ती खाली आली नाही. पण त्या दिवशी दोघं एकाच गाडीतून घरी गेली, आणि जाताना ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत गारलंडचा हात तिच्या खांद्यावर होता. मी मागच्याच गाडीत होते, मी बघितलं.

पुढच्या वर्षी क्लेग साहेब निवृत्त झाले. ओडेल तिच्या घरी आला आणि म्हणाला, मुख्य मोजणीदार तू हो. आमच्या भागातल्या कुठल्याच ट्रॅकवर बाई त्या जागी नव्हती. तिनं लगेच हो म्हटलं नाही. म्हणाली, "माच्यावर छप्पर पाहिजे. बाकांना पाठ पाहिजे. आणि बायकांसाठी संडास पाहिजे, दार लागणारा."

"अगं, आधी काम तर सुरू कर."

"आधी दार."

महिन्याभरात तिन्ही झाली. संडासाचं उद्घाटन म्हणून आम्ही दारावर रिबीन बांधली होती, ती ओडेलला स्वतः कापायला लावली.

त्यानंतर ट्रॅक वाढत गेला आणि ती त्याच्याबरोबर. टेकडीच्या उतारावर सिमेंटच्या पायऱ्या आल्या, वळणं आणखी उचलली, टीव्हीवाले आले. दारातल्या गाड्या जाऊन फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या आल्या. गारलंड सदुसष्टपर्यंत धावला. दोन छोट्या शर्यती जिंकला. सप्टेंबरचा पेला त्याच्या नशिबात आला नाही. कुणी त्यावरून छेडलं की म्हणायचा, "मी जिंकलो होतो ना, वीस मिनिटं!" थर्मन आणि तो म्हातारपणी रोज सकाळी एकाच टेबलावर कॉफी प्यायचे आणि त्या नटावरून भांडायचे.

नव्वदच्या सुमारास डांबराखाली तारा घालून यंत्रं बसवली. गाडी रेषेवरून गेली की आकडा आपोआप पडद्यावर. यंत्राचा माणूस शहरातून आला तेव्हा सगळ्यांना वाटलं व्हेल्डा आता त्याला जिन्यावरून ढकलते. तिनं त्याला चार तास प्रश्न विचारले, मग त्याला सफरचंदाची गोड पाई खाऊ घातली. मला म्हणाली, "चांगलं आहे गं हे. यंत्राला नवरा नसतो." ती बासष्ट वर्षांची होती; पुढची दोन वर्षं यंत्रही तीच सांभाळत होती.

ओडेल गेल्यावर त्याच्या मुलांनी ट्रॅक विकला, आणि नव्या मालकांनी सप्टेंबरची शर्यत शहरातल्या मोठ्या ट्रॅकवर नेली. शहाण्णवला फाटकाला कुलूप लागलं. पंधरा वर्षं सिमेंटच्या फटींतून झुडपं वर येत होती, तिसऱ्या वळणावर पाइनचं एक झाड चांगलं माणसाएवढं झालं. गारलंड त्याच काळात वारला, शांतपणे, झोपेत. त्याच्या दफनाला थर्मन आला आणि कबरीपाशी टोपी काढून उभा राहिला. व्हेल्डानं त्याचा हात धरला.

दोन हजार अकरात आमच्याच भागातल्या काही तरुणांनी मिळून ट्रॅक भाड्यानं घेतला, झुडपं काढली, आणि शनिवारच्या दुपारच्या छोट्या शर्यती सुरू केल्या. पहिल्या दिवशी व्हेल्डाला मानानं पहिल्या रांगेत बसवलं. त्र्याऐंशी वर्षांची होती. तिनं लिव्हरमशचं सँडविच मागवलं, आम्ही लहानपणापासून खातो ते, डुकराच्या कलेजीचं. एक घास खाल्ला आणि विकणाऱ्या बाईला सांगितलं की तवा अजून तापायला हवा होता. शर्यतीच्या चाळीस फेऱ्या उरल्या असताना ती उठली.

"अगं, संपू तर दे," मी म्हणाले.

"बारा नंबरची हिरवी जिंकणार. टायर राखून चालवतोय तो. बाकीचे शेवटी घसरतील. चल, माझी कंबर धरली."

मी तिला घरी सोडलं. रात्रीच्या जेवणाआधी माझ्या नातवानं फोन करून निकाल सांगितला. बारा नंबर, चांगल्या अकरा सेकंदांनी. मी लगेच तिला फोन लावला.

"मग?" ती म्हणाली. "मी काय सांगितलं होतं?" आणि घेवडा करपतोय म्हणून फोन ठेवून दिला.